भारतातील अध्यक्षीय शासनपद्धतीचा वाद

भारतातील अध्यक्षीय शासनपद्धतीचा वाद म्हणजे, संसदेला जबाबदार असणाऱ्या मंत्रिमंडळाऐवजी जनतेने थेट निवडलेल्या राष्ट्राध्यक्षाच्या हाती कार्यकारी सत्ता असावी काय, या प्रश्नावरील राजकीय व घटनात्मक वाद होय. घटना समितीत हा प्रश्न एकदा निकालात निघाला होता. मात्र १९६९ ते १९८४ या काळात इंदिरा गांधी यांच्या लोकानुनयी राजकारणाच्या अनुषंगाने तो पुन्हा उभा राहिला. या वादाच्या दोन्ही बाजूंना कोकणातील माणसे आढळतात. संसदीय पद्धतीचे घटना समितीत समर्थन करणारे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे मूळ गाव आंबडवे हे रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातील. घटनादुरुस्तीच्या अधिकाराचे विधेयक मांडणारे बॅ. नाथ पै आणि आणीबाणीत तुरुंगवास भोगणारे प्रा. मधु दंडवते हे राजापूर मतदारसंघाचे खासदार. अध्यक्षीय पद्धतीचे सर्वांत आग्रही पुरस्कर्ते बॅ. अब्दुल रहमान अंतुले हे शेजारच्या कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यातील आंबेतचे.

घटना समितीतील निर्णय

राज्यघटनेच्या कलम ५३ नुसार संघराज्याची कार्यकारी सत्ता राष्ट्रपतींच्या ठायी आहे आणि कलम ७४ नुसार त्यांना साहाय्य व सल्ला देण्यासाठी पंतप्रधानांच्या नेतृत्वाखाली मंत्रिमंडळ असते. केवळ शब्द पाहिले तर राष्ट्रपती हे अतिशय बलवान पद आहे. व्यवहारात ते इंग्लंडच्या राजासारखे आहे, हे आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा मांडताना स्पष्ट केले. भारताचा राष्ट्रपती राज्याचा प्रमुख असला तरी शासनाचा प्रमुख नाही, अशी त्यांची मांडणी होती. लोकशाहीतील कार्यकारी मंडळ स्थिरही हवे आणि जबाबदारही हवे; या दोन्ही गोष्टी सारख्या प्रमाणात देणारी पद्धत अद्याप सापडलेली नाही, असे ते म्हणाले. अमेरिकी पद्धतीत स्थैर्य अधिक, ब्रिटिश पद्धतीत जबाबदारी अधिक. अमेरिकेत शासनाचे मूल्यमापन ठरावीक मुदतीनंतर होणाऱ्या निवडणुकीत होते, तर संसदीय पद्धतीत ते प्रश्न, ठराव, अविश्वासाचा प्रस्ताव यांद्वारे रोजच्या रोज होते. मसुदा समितीने जबाबदारीला अधिक महत्त्व दिले. अमेरिकी धर्तीच्या रचनेसाठी प्रा. के. टी. शाह यांनी सुचविलेल्या दुरुस्त्या समितीने फेटाळल्या.

या संदर्भात एक बाब सहसा नजरेआड होते. १९४७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात आंबेडकरांनी स्वतःच, विधिमंडळाच्या मुदतीपूर्वी ज्याला दूर करता येणार नाही असे कार्यकारी मंडळ सुचविले होते. अल्पसंख्याकांना बहुसंख्याकांच्या मर्जीवर अवलंबून राहावे लागू नये, हा त्यामागील हेतू होता. त्यामुळे दोन्ही बाजू विचारांत घेतल्यानंतरच त्यांनी संसदीय पद्धत स्वीकारली, असे म्हणता येते. २५ नोव्हेंबर १९४९ च्या समारोपाच्या भाषणात त्यांनी राजकारणातील व्यक्तिपूजेविरुद्ध इशारा दिला. धर्मात भक्ती हा आत्म्याच्या मुक्तीचा मार्ग असू शकेल, परंतु राजकारणातील भक्ती अधःपतनाकडे व अखेर हुकूमशाहीकडे नेते, असा त्याचा आशय होता. पुढील तीस वर्षांचा इतिहास पाहता तो इशारा अवेळी नव्हता.

राष्ट्रपतींच्या अधिकाराचा प्रश्न प्रथम खुद्द पहिल्या राष्ट्रपतींनीच उपस्थित केला. २८ नोव्हेंबर १९६० रोजी भारतीय विधी संस्थेच्या इमारतीच्या कोनशिला समारंभात डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी, राष्ट्रपतींचे अधिकार इंग्लंडच्या राजाच्या अधिकारांशी कितपत जुळतात याचा अभ्यास व्हावा, असे सुचविले. पंतप्रधान नेहरूंनी हा वाद वाढू दिला नाही. मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच राष्ट्रपतींनी वागावे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७४ च्या शमशेर सिंग खटल्यात निःसंदिग्धपणे सांगितले.

नाथ पै विधेयक

बॅ. नाथ पै (१९२२–१९७१) यांचा जन्म वेंगुर्ल्याचा. प्रजा समाजवादी पक्षाच्या वतीने ते १९५७, १९६२ व १९६७ अशा तीन निवडणुकांत राजापूर मतदारसंघातून निवडून आले. त्या वेळी आजचा सिंधुदुर्ग जिल्हा रत्नागिरी जिल्ह्यातच समाविष्ट होता. २७ फेब्रुवारी १९६७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोलकनाथ खटल्यात सहा विरुद्ध पाच अशा मताधिक्याने निर्णय दिला की, मूलभूत हक्कांचा संकोच करणारी घटनादुरुस्ती संसदेस करता येणार नाही. मालमत्तेचा हक्क त्या वेळी मूलभूत हक्क असल्याने जमीन सुधारणांचे भवितव्य या निकालाशी निगडित होते. खोतीच्या वहिवाटीखाली पिढ्यान्‌पिढ्या कष्ट केलेल्या आणि १९४९ च्या खोती निर्मूलन कायद्याने तिच्यातून सुटलेल्या कोकणातील कुळांसाठी हा प्रश्न केवळ वकिली नव्हता.

एप्रिल १९६७ मध्ये नाथ पै यांनी लोकसभेत खासगी विधेयक मांडले. मूलभूत हक्कांसह घटनेच्या कोणत्याही भागात दुरुस्ती करण्याचा संसदेचा अधिकार पुन्हा प्रस्थापित करावा, हा त्याचा गाभा होता. सार्वभौमत्व जनतेचे आहे, तिच्या वतीने ते संसदेने वापरावे आणि संसदेच्या निर्णयावर कायमचे कुलूप न्यायालयाने घालू नये, ही त्यांची भूमिका होती. समाजवाद्यांमध्येही याविषयी एकमत नव्हते. संसदेत दोन तृतीयांश बहुमत मिळविणारा एखादा सत्ताधारी हाच अधिकार नागरिकांच्या स्वातंत्र्याविरुद्ध वापरील, अशी भीती विरोधकांना वाटत होती. विधेयक संयुक्त समितीकडे गेले, लांबले आणि लोकसभा विसर्जित झाल्यावर बारगळले. १८ जानेवारी १९७१ रोजी बेळगाव येथे नाथ पै यांचे आकस्मिक निधन झाले.

त्याच वर्षी इंदिरा गांधींच्या शासनाने चोविसावी घटनादुरुस्ती करून नाथ पै विधेयकाचा आशय प्रत्यक्षात आणला. नाथ पै यांच्या लोकशाहीनिष्ठेबद्दल त्यांच्या विरोधकांनीही कधी शंका घेतली नाही; परंतु त्यांनी ज्या अधिकाराचा पुरस्कार केला त्याच अधिकाराने पुढे बेचाळिसावी घटनादुरुस्ती झाली, हेही नाकारता येत नाही. २४ एप्रिल १९७३ रोजी केशवानंद भारती खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध सहा मतांनी मधला मार्ग काढला. संसद घटनेत दुरुस्ती करू शकते, मात्र घटनेची मूलभूत चौकट बदलू शकत नाही, असे न्यायालयाने ठरविले. अध्यक्षीय पद्धत आणणे हा त्या चौकटीचा भंग ठरेल काय, हा प्रश्न या निकालापासून वादाला चिकटला.

१९६९ ची राष्ट्रपतिपदाची निवडणूक आणि लोकानुनय

३ मे १९६९ रोजी राष्ट्रपती डॉ. झाकिर हुसेन यांचे निधन झाले आणि उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी हंगामी राष्ट्रपती झाले. काँग्रेसमधील ज्येष्ठ नेत्यांच्या गटाने नीलम संजीव रेड्डी यांना पक्षाची उमेदवारी दिली. हे नेते राष्ट्रपतिपदाचा उपयोग आपल्याला दूर करण्यासाठी करतील, अशी शंका पंतप्रधान इंदिरा गांधींना होती. कागदोपत्री नामधारी असलेले पद एकाएकी सत्तासंघर्षाच्या केंद्रस्थानी आले. १९ जुलै रोजी चौदा मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण करणारा वटहुकूम निघाला. त्यावर स्वाक्षरी करून दुसऱ्याच दिवशी गिरी यांनी निवडणूक लढविण्यासाठी पद सोडले. रिक्षावाले, टांगेवाले, छोटे दुकानदार यांचे जथे पंतप्रधानांच्या निवासस्थानी अभिनंदनासाठी येऊ लागले. पक्षसंघटनेला वळसा घालून नेत्याने थेट जनतेशी नाते जोडण्याची पद्धत येथून रूढ झाली.

इंदिरा गांधींनी खासदार-आमदारांना सदसद्विवेकबुद्धीनुसार मतदान करण्याचे आवाहन केले. पहिल्या पसंतीच्या मोजणीत गिरी यांना ४,०१,५१५, रेड्डी यांना ३,१३,५४८ आणि तिसरे उमेदवार चिंतामणराव देशमुख यांना १,१२,७६९ इतकी मतमूल्ये मिळाली. कोणालाच निर्णायक बहुमत नसल्याने दुसऱ्या पसंतीची मते मोजावी लागली. अखेर गिरी ४,२०,०७७ विरुद्ध ४,०५,४२७ असे निवडून आले. देशमुख हे महाडजवळील नाते गावी जन्मलेले, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि कुलाब्याचे माजी खासदार. स्वतंत्र पक्ष व जनसंघ यांनी त्यांना पाठिंबा दिला होता. मुंबईच्या प्रश्नावर १९५६ मध्ये केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडणाऱ्या या माणसाचे नाव १९६९ च्या हकिगतीत बहुधा तळटिपेत जाते.

नोव्हेंबर १९६९ मध्ये काँग्रेस दुभंगली. सप्टेंबर १९७० मध्ये संस्थानिकांचे तनखे रद्द करणारी घटनादुरुस्ती राज्यसभेत एका मतापेक्षाही कमी फरकाने फसली. तेव्हा शासनाने राष्ट्रपतींच्या आदेशाद्वारे संस्थानिकांची मान्यताच काढून घेतली. तो आदेश सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबरमध्ये रद्द ठरविला आणि त्याच महिन्यात लोकसभा विसर्जित झाली. ‘गरिबी हटाओ’ या दोन शब्दांवर लढविलेल्या मार्च १९७१ च्या निवडणुकीत इंदिरा गांधींच्या पक्षास ३५२ जागा मिळाल्या.

त्या लाटेत रत्नागिरी मतदारसंघातून काँग्रेसचे शांताराम पेजे निवडून आले, परंतु लगतच्या राजापूरने प्रजा समाजवादी पक्षाचे मधु दंडवते यांना निवडून दिले. एकाच जिल्ह्यातील हे दोन कौल अभ्यासकांनी अधिक बारकाईने पाहण्याजोगे आहेत.

अमेरिकेतील समांतर उदाहरण

तरुण प्रजासत्ताकात लोकप्रिय नेत्याच्या हाती सत्ता एकवटण्याचे जुने उदाहरण म्हणून अँड्र्यू जॅक्सन यांचे नाव घेतले जाते. अमेरिकी राज्यघटना अमलात येऊन चाळीस वर्षेही झाली नव्हती तेव्हा, १८२८ मध्ये, ते राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले. आपण सामान्य माणसाचे प्रतिनिधी असून काँग्रेस व धनिक हे मूठभरांचे प्रतिनिधी आहेत, ही त्यांची भूमिका होती. त्यांच्या आधीच्या सहा राष्ट्राध्यक्षांनी मिळून दहा वेळा नकाराधिकार वापरला होता, तर जॅक्सन यांनी एकट्यानेच बारा वेळा. १८३२ मध्ये त्यांनी ‘सेकंड बँक ऑफ द युनायटेड स्टेट्स’च्या सनदेचे नूतनीकरण रोखले. विरोधकांनी त्यांना ‘राजा अँड्र्यू’ म्हणून हिणविले आणि १८३४ मध्ये सिनेटने त्यांच्याविरुद्ध निषेधाचा ठराव केला. १८३० च्या कायद्याने आदिवासी जमातींना त्यांच्या भूमीवरून हुसकावले गेले, ही त्याच कारकिर्दीची काळी बाजू होय.

दोन्ही देशांत बँक हे धनिकांच्या सत्तेचे प्रतीक ठरले, हा योगायोग लक्षणीय आहे. मात्र साम्य फार ताणू नये. जॅक्सन यांनी मध्यवर्ती बँक मोडली, इंदिरा गांधींनी खासगी बँका शासनाच्या ताब्यात घेतल्या. जॅक्सन अध्यक्षीय पद्धतीच्या चौकटीतच बलवान झाले. भारतात मात्र संसदीय पद्धत कायम ठेवून पंतप्रधानपदालाच अध्यक्षीय बळ आले. ‘पद्धत बदला’ ही मागणी त्यानंतर आली.

आणीबाणी आणि अनामिक टिपण

१२ जून १९७५ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने इंदिरा गांधींची निवडणूक रद्द ठरविली. २५ जूनच्या रात्री राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांनी पंतप्रधानांच्या पत्रावरून आणीबाणीच्या घोषणेवर स्वाक्षरी केली. मंत्रिमंडळाला हा निर्णय कळला तो दुसऱ्या दिवशी सकाळी. ज्या पदाचा अधिकार नाममात्र म्हणून निश्चिंत राहिले जात होते त्याच पदाच्या एका स्वाक्षरीने नागरिकांचे हक्क स्थगित झाले. संसदीय समितीच्या कामासाठी बंगळूरला गेलेले मधु दंडवते यांना तेथेच अटल बिहारी वाजपेयी, लालकृष्ण अडवाणी व श्यामनंदन मिश्र यांच्यासह अटक झाली. त्यांच्या पत्नी प्रमिला दंडवते येरवडा तुरुंगात होत्या.

१९७५ च्या अखेरीस घटनेकडे नव्याने पाहण्याचे सुचविणारे एक टिपण राजकीय वर्तुळांत फिरू लागले. त्यावर कोणाचे नाव नव्हते. थेट निवडलेला राष्ट्राध्यक्ष आणि कायद्यांच्या अर्थनिर्णयासाठी सर्वोच्च न्यायालयाच्याही वर एक परिषद, जिचे अध्यक्ष स्वतः राष्ट्राध्यक्ष, अशा त्यातील सूचना होत्या. अमेरिकेत न्यायालय राष्ट्राध्यक्षाला अडवू शकते. या आराखड्यात ती सोयच राहिली नव्हती. नाव अध्यक्षीय पद्धतीचे असले तरी तिचा अर्धा भाग, म्हणजे सत्तेवरील अंकुश, त्यातून वगळला होता. या टिपणाशी अंतुले यांचे नाव जोडले गेले. मुत्सद्दी बी. के. नेहरू हेही त्या सुमारास अध्यक्षीय पद्धतीच्या बाजूने विचार मांडत होते. टिपणावर कडाडून टीका करणाऱ्यांत विधिज्ञ नानी पालखीवाला अग्रभागी होते.

फेब्रुवारी १९७६ मध्ये काँग्रेसने घटनादुरुस्तीसाठी सरदार स्वर्ण सिंग समिती नेमली. अंतुले तिचे सदस्य होते. समितीने अध्यक्षीय पद्धत नाकारली आणि संसदीय पद्धतच भारताला योग्य असल्याचा अभिप्राय दिला. मात्र तिच्या शिफारशींतून निघालेली बेचाळिसावी घटनादुरुस्ती कायदामंत्री हरि रामचंद्र गोखले यांनी १९७६ मध्ये संसदेत मंजूर करून घेतली. तिने लोकसभेची मुदत पाचावरून सहा वर्षे केली, न्यायालयांचे अधिकार आकुंचित केले आणि मंत्रिमंडळाचा सल्ला राष्ट्रपतींवर बंधनकारक असल्याचे घटनेत लिहिले. अध्यक्षीय पद्धत आली नाही, परंतु ती न आणताच पंतप्रधानांना हवे ते बहुतेक मिळाले होते.

मार्च १९७७ च्या निवडणुकीत रत्नागिरीतून बापूसाहेब परुळेकर आणि राजापुरातून दंडवते असे दोन्ही जनता पक्षाचे उमेदवार विजयी झाले. दंडवते रेल्वेमंत्री झाले. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने लोकसभेची मुदत पुन्हा पाच वर्षे झाली. मंत्रिमंडळाच्या लेखी निर्णयाशिवाय राष्ट्रपतींनी आणीबाणी जाहीर करू नये आणि ‘अंतर्गत अशांतता’ हे त्यासाठी कारण न राहता ‘सशस्त्र बंड’ असावे, अशी तरतूद झाली. मंत्रिमंडळाचा सल्ला एकदा फेरविचारासाठी परत पाठविण्याचा अधिकारही राष्ट्रपतींना मिळाला. जुलै-ऑगस्ट १९७९ मध्ये मोरारजी देसाई व चरण सिंग यांची सरकारे लागोपाठ कोसळल्यावर राष्ट्रपती संजीव रेड्डी यांनी जगजीवन राम यांचा दावा बाजूस ठेवून लोकसभा विसर्जित केली. त्यामुळे संसदीय पद्धतीतील अस्थैर्याचा मुद्दा अध्यक्षीय पद्धतीच्या समर्थकांच्या हाती आयताच आला.

अंतुले यांची कारकीर्द

जानेवारी १९८० मध्ये इंदिरा गांधी पुन्हा सत्तेवर आल्या. त्या निवडणुकीतही रत्नागिरीने परुळेकर व राजापूरने दंडवते यांनाच कौल दिला. ९ जून १९८० रोजी अंतुले महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले. राज्याचे ते आजवरचे एकमेव मुस्लिम मुख्यमंत्री होत. कामाचा झपाटा, सचिवालयीन वळणे टाळून जागच्या जागी दिलेले आदेश आणि जनतेच्या भावनेला हात घालणाऱ्या घोषणा ही त्यांची वैशिष्ट्ये. निराधार, वृद्ध व अपंग यांच्यासाठी संजय गांधी निराधार अनुदान योजना त्यांनी सुरू केली. ती आजही चालू असून कोकणातील अनेक एकाकी वृद्धांचा तो आधार आहे. १ जानेवारी १९८१ रोजी कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले आणि १ मे १९८१ रोजी रत्नागिरीचे विभाजन होऊन सिंधुदुर्ग जिल्हा अस्तित्वात आला. शिवरायांची भवानी तलवार इंग्लंडहून परत आणण्याची त्यांची घोषणा गाजली. तलवार आली नाही. दक्षिण टोकाच्या माणसाला कचेरीच्या कामासाठी रत्नागिरीपर्यंत करावा लागणारा दिवसभराचा प्रवास मात्र जिल्हा विभाजनाने वाचला. त्यामुळे या सर्व निर्णयांना निव्वळ लोकानुनय म्हणणे अन्यायाचे होईल.

मुख्यमंत्री असतानाही अंतुले अध्यक्षीय पद्धतीचा जाहीर पुरस्कार करीत राहिले. गरिबांसाठीचे कार्यक्रम पक्षांतर्गत कुरघोड्यांत व विधिमंडळातील हिशेबांत अडकतात. थेट निवडलेला नेता ते निर्धाराने राबवू शकेल, हा त्यांचा युक्तिवाद होता.

या युक्तिवादाची परीक्षा त्यांच्याच कारकिर्दीत झाली. ‘इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान’ व अन्य न्यासांसाठी साखर कारखाने आणि बांधकाम व्यावसायिक यांच्याकडून देणग्या गोळा केल्या गेल्या. सिमेंट तेव्हा नियंत्रित वस्तू होती. ऑगस्ट १९८१ च्या अखेरीस अरुण शौरी यांनी ‘इंडियन एक्स्प्रेस’मध्ये हे प्रकरण उघडकीस आणले. १२ जानेवारी १९८२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांनी देणग्या आणि सिमेंटवाटप यांचा संबंध असल्याचा निर्णय दिला आणि अंतुले यांना मुख्यमंत्रिपद सोडावे लागले. वृत्तपत्र, विधिमंडळातील विरोधक आणि न्यायालय या तिघांनी मिळून हे घडविले. मुदतबंद अध्यक्षीय पद्धतीत असा पायउतार इतक्या लवकर झाला असता काय, हा प्रश्न त्या वेळी अनेकांनी विचारला. फौजदारी खटला पुढे अनेक वर्षे चालला. त्यात सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने १९८८ मध्ये, खटला उच्च न्यायालयाकडे वर्ग करण्याचा आपलाच १९८४ चा आदेश चुकीचा ठरविला. हा निकाल विधी महाविद्यालयांत आजही अभ्यासला जातो. अंतुले त्यानंतर अनेकदा लोकसभेवर निवडून आले व केंद्रात मंत्रीही झाले. त्यांचे निधन २ डिसेंबर २०१४ रोजी झाले.

उत्तरकाळ

काँग्रेसमध्ये हा विषय पुढे प्रामुख्याने वसंत साठे यांनी लावून धरला. १९८९ मध्ये त्यांनी या विषयावर इंग्रजीत ग्रंथही लिहिला. साठे यांची मांडणी अनामिक टिपणापेक्षा पुष्कळ सौम्य होती. राष्ट्राध्यक्ष थेट निवडावा, पण संसद बलवान राहावी, असा त्यांचा आग्रह होता. श्रीलंकेचे उदाहरण या चर्चेत दोन्ही बाजूंनी दिले जाई. तेथे जे. आर. जयवर्धने यांनी १९७८ च्या घटनेने कार्यकारी राष्ट्राध्यक्षपद आणले होते. बांगलादेशातही जानेवारी १९७५ मध्ये शेख मुजीबुर रहमान यांनी घटनादुरुस्ती करून अध्यक्षीय पद्धत आणि एकपक्षीय राजवट एकाच वेळी आणली होती. भारतातील विरोधकांना तेवढे एकच उदाहरण पुरेसे वाटे. १९८९ नंतर आघाडी सरकारांचा काळ सुरू झाल्यावर मागणीमागील राजकीय बळ ओसरले, तरी लेख व भाषणांतून ती अधूनमधून डोके वर काढते.

दंडवते १९८४ च्या सहानुभूतीच्या लाटेतही राजापूरमधून विजयी झाले. रत्नागिरीत त्या वेळी काँग्रेसचे हुसेन दलवाई निवडून आले होते. १९९१ मध्ये दंडवते पराभूत झाले. २००८ च्या पुनर्रचनेत राजापूर हा लोकसभा मतदारसंघ म्हणून संपुष्टात आला आणि त्याचा भाग रत्नागिरी-सिंधुदुर्ग मतदारसंघात गेला.

स्थानिक पातळीवरील रूप

राष्ट्रीय पातळीवर न आलेली ही पद्धत महाराष्ट्रातील नगरपालिकांत अनेकदा येऊन गेली आहे. १९७४ मध्ये नगराध्यक्षांची थेट निवडणूक झाली, नंतर ती पद्धत सोडण्यात आली. २००१ मध्ये ती पुन्हा आली, २००६ मध्ये गेली, २०१६ मध्ये परत आली, २०२० मध्ये रद्द झाली आणि २०२२ मध्ये नव्या राज्य सरकारने पुन्हा लागू केली. सरपंचांची थेट निवड २०१७ मध्ये सुरू झाली आणि तीही २०२० मध्ये रद्द होऊन २०२२ मध्ये पूर्ववत झाली. रत्नागिरी नगर परिषदेसह राज्यातील सर्व नगर परिषदांना या फेरबदलांतून जावे लागले. थेट निवडलेला नगराध्यक्ष एका पक्षाचा आणि सभागृहातील बहुमत दुसऱ्या पक्षाचे, अशी स्थिती उद्भवली की अर्थसंकल्प, निविदा आणि स्थायी समितीचे विषय अडून राहतात. नगरसेवकांतून निवडलेला नगराध्यक्ष असला की अडीच वर्षांनी पदासाठी सहली निघतात. राज्य सरकार बदलले की बहुधा ही पद्धतही बदलते.